जरा सरकता का?

(आपल्या गेल्या बैठकीत मी केलेल्या भाषणाचा हा लेखी मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे आणि नंतरच्या चर्चेतला एक मुद्दा आत घेतला आहे.)



आजचा विषय कळल्यावर आपल्यातल्याच एका मित्राने मला फोन केला. म्हणाला, "जग कुठे चाललंय आणि तू 'रांगेत नीट उभे राहा' यावर अर्धा तास बोलणार?" त्याची शंका रास्त आहे. या बैठकांत आपण आरक्षण, अंधश्रद्धा, शेतीचं पाणी असे विषय घेत आलो. त्यामानाने गर्दीतलं सौजन्य हा नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला, परीक्षेला न येणारा धडा वाटतो. पण मी मूळचा डोंबिवलीचा आहे आणि इथे लंडनमध्ये पोटासाठी कोरड्या पुडींचा अभ्यास करतो. या दोन्ही कारणांनी गर्दी हा माझ्या आयुष्याचा विषय होऊन बसला आहे.

आधी पुडीबद्दल. औषधाच्या गोळ्या बनवताना पूड एका मोठ्या नरसाळ्यासारख्या भांड्यातून खाली यंत्रात सोडतात. ती मध्येच अडकते. का अडकते हे शोधून काढायचे मला पैसे मिळतात. तुम्ही घरी करून बघा. अरुंद तोंडाच्या नरसाळ्यात तांदूळ ओता. थोडे पडतात आणि धार थांबते. आत डोकावलंत तर दिसेल की पाचसहा दाण्यांनी एकमेकांना टेकून तोंडावर कमान केली आहे. वरून दाबलं तर मोकळं होईल असं वाटतं, पण बहुतेक वेळा कमान आणखी घट्ट होते. बाजूने टिचकी मारावी लागते.

माणसांच्या बाबतीत यासारखंच काहीतरी घडतं. २००० साली हेल्बिंग, फार्कश आणि विचेक या तिघांनी 'नेचर'मध्ये एक गणिती प्रारूप मांडलं. एका दारातून घाबरलेली माणसं बाहेर पडू पाहत आहेत अशी कल्पना करून त्यांनी दाखवलं की प्रत्येकाचा जोर एका मर्यादेपलीकडे वाढला की सगळ्यांना मिळून बाहेर पडायला उलट जास्त वेळ लागतो. दादरच्या पुलावर सकाळी नऊ वाजता उभं राहिलेल्या माणसाला हे कळायला 'नेचर' वाचावं लागत नाही, पण समीकरणात बघितल्यावर मला विलक्षण आनंद झाला होता हे कबूल करतो.

तांदळात आणि माणसात फरक एवढाच की माणसाला बोलता येतं. आणि माझ्या मते आजचा सगळा विषय त्या फरकात आहे. दाट गर्दीत दाब मागून पुढे जातो, पण पुढची बातमी मागे येत नाही. मागच्याला फक्त समोरची पाठ दिसते. पुढे दार बंद आहे, कोणी पडलंय, एखाद्या लहान मुलाचा श्वास कोंडतोय, यातलं काहीच त्याला माहीत नसतं. तो दुष्ट नसतो. त्याला घरी जायचं असतं.

१५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर हेच झालं. बाहेर फाटकापाशी गर्दी फार वाढली म्हणून पोलिसांनी एक मोठं दार उघडलं. आत आलेले लोक समोरच्या बोगद्यातून सरळ मधल्या भागात शिरले. तो भाग आधीच भरलेला होता आणि पुढे लोखंडी जाळी होती. बाजूच्या भागांत जागा होती, पण ते सांगायला तिथे कोणी उभं नव्हतं. मागून येणारे मॅच सुरू झाली म्हणून घाईत होते आणि पुढचे जाळीवर चेंगरत होते. एकूण ९७ माणसं गेली. शेवटचा मृत्यू त्या इजांमुळेच, २०२१ साली झाला. पुढे कित्येक वर्षं दारू प्यायलेल्या बेशिस्त प्रेक्षकांना दोष दिला गेला. २०१६ साली ज्यूरीने स्पष्ट निकाल दिला की प्रेक्षकांचा दोष नव्हता. म्हणजे सत्तावीस वर्षं लागली, आणि तीही जिथे रांग लावणं हा राष्ट्रीय छंद समजला जातो त्या देशात.

अशा घटनेला इंग्रजीत जो शब्द वापरतात तो मुळात उधळलेल्या गुरांसाठीचा आहे. आपला 'चेंगराचेंगरी' हा शब्द जास्त खरा आहे. अशा गर्दीत बहुतेक माणसं पायाखाली तुडवली जाऊन मरत नाहीत, उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन मरतात. जॉन फ्रुइन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने अशा दुर्घटनांचा अभ्यास करून लिहिलं होतं की चौरस मीटरला सातच्या आसपास माणसं झाली की गर्दी द्रवासारखी वागू लागते. लाटा येतात, पाय जमिनीवरून सुटतात. तिथे "कृपया शांतता राखा" याला काही अर्थ उरत नाही.

आता मुंबई. २९ सप्टेंबर २०१७, सकाळची वेळ. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा अरुंद पूल. अचानक पाऊस आला म्हणून लोक पुलावरच थांबले आणि गाड्या तर येतच राहिल्या, प्रत्येक गाडीमागे नवी माणसं जिन्यावर. २३ जण गेले. कोणाची तरी फुलं पडली, "फूल गिर गया" याचं कोणीतरी "पूल गिर गया" ऐकलं, असंही तेव्हा बातम्यांत आलं होतं. रेल्वेच्या चौकशीने दोष पावसाला दिला. आणि आपल्या ओळखीच्या मंडळींनी, इथल्या आणि तिथल्याही, काय म्हटलं ते तुम्हाला आठवत असेल: "आपल्या लोकांना शिस्तच नाही." गिरण्या बंद पडल्या, त्या जमिनींवर कचेऱ्यांचे मनोरे उठले, रोज तिथे उतरणारी माणसं बदलली आणि वाढली, पूल मात्र तोच राहिला. शिस्तीने उभं राहायला आधी पाय ठेवण्यापुरती जागा लागते. नवा पूल लष्कराच्या मदतीने पुढच्या फेब्रुवारीत उभा राहिला, म्हणजे तो पाच महिन्यांत होण्यासारखा होता.

हे आधी सांगितलं, कारण सौजन्यावर बोलणारे बहुतेक जण इथेच घसरतात. लोकांना उपदेश केला की पूल रुंद करावा लागत नाही.

मग सौजन्याचं काय? मुंबईच्या लोकलमधल्या गर्दीला रेल्वेच्या भाषेत एक खास नाव आहे, 'सुपर डेन्स क्रश लोड', आणि त्याचा अर्थ चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसं असा सांगतात. फ्रुइनच्या आकड्याच्या दुप्पट. आणि तरीही त्या डब्यात रोज एक व्यवहार चालतो, ज्याचं मला शास्त्रज्ञ म्हणून आजही कौतुक वाटतं. तुम्ही पुढच्याच्या खांद्यावर बोट टेकवता आणि विचारता, "ठाणा?" तो मान हलवतो, "नाही, मुलुंड." मग तो आणि तुम्ही, हात हलवायलाही जागा नसताना, कसेबसे वळून जागा बदलता. त्याच्या पुढच्यालाही तेच विचारता. स्टेशन येईपर्यंत उतरणारे पुढे आणि लांबचे मागे असा डबा आपोआप लागलेला असतो. बातमी मागून पुढे आणि पुढून मागे, दोन्हीकडे जाते. चौथी सीट, रॅकवर हातोहात जाणाऱ्या बॅगा, धावत येणाऱ्याला आत ओढणारा अनोळखी हात, हे सगळं आपण गप्पांत कौतुकाने सांगतो. मला मात्र हा "ठाणा?" सगळ्यात मोठा वाटतो. लंडनच्या ट्यूबमध्ये बाजूच्याला "तुम्ही कुठे उतरणार?" विचारून बघा, तो पोलिसांना बोलावेल.

चर्चेत एका मैत्रिणीने मला इथे अडवलं. ती म्हणाली, "खांद्यावर बोट टेकवतो म्हणून कौतुकाने सांगतोस. तुम्ही पुरुष गर्दीत जागा शोधता, आम्ही हात कुठे कुठे आहेत ते बघतो." बरोबर आहे. पर्स छातीशी धरणं, कोपर बाहेर काढून उभं राहणं, ही तिची गर्दीची भाषा मला कधी शिकावी लागली नाही. पश्चिम रेल्वेने १९९२ साली बायकांसाठी स्वतंत्र लोकल सुरू केली तेव्हा डोंबिवलीच्या आमच्या चाळीत पुरुष त्यावर विनोद करत असत. मी त्या मैत्रिणीला तेव्हाही उत्तर देऊ शकलो नाही, आताही ते माझ्याकडे नाही.

आता दुसरी बाजू, आणि ती माझ्यावरच येते.

१९९९ साली मी कॉलेजला जायचो तेव्हा आमचा दारातला ग्रुप होता. डोंबिवलीला चढायचं, दारात हवा खात उभं राहायचं, भजनं नाही तर क्रिकेट. ग्रुपमध्ये मित्राच्या बहिणीचं लग्न असलं की सगळे जायचे, कोणाचे वडील आजारी पडले तर रक्त द्यायला रांग लागायची. आणि त्याच ग्रुपचा एक नियम होता: दिव्याच्या माणसाला चढू द्यायचं नाही. कारण काय? तर दिव्याच्या लोकांनी चढून आमची गाडी भरवायची नाही. आमची गाडी! तिकीट त्यांचंही होतं.

एकदा माझ्याच वयाचा एक मुलगा दिव्याला कसाबसा लटकला. एक पाय फुटबोर्डावर, दांडीला दोन बोटं. आत, सीटांच्या मध्ये, जागा होती. आम्ही सरकलो असतो तर तो आत आला असता. तो म्हणाला, "दादा, जरा आत सरकता का?" आमच्यातला एक म्हणाला, "तुमच्यासाठी वेगळी दिवा लोकल सोडायला सांगा की." सगळे हसले. मीही हसलो. मुंब्र्याला तो उतरला आणि प्लॅटफॉर्मवर उभा राहून आपल्या बोटांकडे बघत राहिला. गाडी सुटली. एवढंच. काही झालं नाही, म्हणून ते विसरायलाही सोपं गेलं.

२ जानेवारी २०१५ ला दिव्याच्या प्रवाशांनी रूळ अडवले तेव्हा त्या मुलाची आठवण झाली होती. आणि ९ जून २०२५ ला सकाळी इथे फोनवर बातमी वाचली. मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल विरुद्ध दिशांनी जाताना दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली. किमान चार जण मेले. पाठीवरच्या बॅगा अडकल्या असाव्यात असंही तेव्हा म्हटलं गेलं. गाड्या कमी आहेत, दारं उघडी आहेत, हा दोष रेल्वेचा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्या दिवशी आमच्या डब्यात जागा होती.

त्या ग्रुपला सौजन्य येत नव्हतं असं कसं म्हणू? ते एकमेकांसाठी रक्त देत होते. प्रश्न असा होता की दारातला मुलगा आमच्या हिशेबातच नव्हता. आपल्या माणसासाठी जीव टाकायचा आणि परक्याकडे बघायचंही नाही, हे आपल्याकडे फार जुनं आहे. 'सार्वजनिक' हा शब्द आपण गणपतीच्या आधी लावतो, पण सार्वजनिक जागेची कल्पना आपल्याकडे भांडून आणावी लागली. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून चवदार तळं सर्वांना खुलं केलं होतं. कागदावर. प्रत्यक्षात तिथे ओंजळभर पाणी प्यायला २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसांसह चालत जावं लागलं, आणि त्यानंतरही मार खावा लागला. दिव्याच्या मुलाची आणि महाडची तुलना मी करत नाही, तेवढं भान आहे. पण "ही जागा आमची, तू कोण?" हा प्रश्न मला दोन्हीकडे ऐकू येतो.

आता ज्या गोष्टीसाठी आपण इकडे राहून स्वतःवर खूष असतो त्याबद्दल. "इथे बघा लोक कसे वागतात," हे वाक्य मी सुट्टीवर गेल्यावर किमान दहा वेळा म्हणतो. २०१८ साली माझी आई इथे आली होती. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. संध्याकाळी साडेपाचला आम्ही पिकाडिली लाईनच्या गाडीत चढलो. गच्च गर्दी, सगळे बसलेले मान खाली घालून फोनमध्ये. एकही उठेना. मी मराठीत धुसफुसायला लागलो, की काय हे लोक, म्हातारं माणूस दिसत नाही का.

आई म्हणाली, "तू त्यांना सांगितलंस का?"

"सांगायचं कशाला? दिसत नाही?"

"अरे, माझे गुडघे साडीच्या आत आहेत. त्यांना कसे दिसणार?"

आणि तिने समोरच्या, कानात हेडफोन घातलेल्या तरुणाच्या खांद्याला हात लावला, गुडघा दाखवला आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "बाळा, जरा बसू देतोस?" तो ताडकन उठला. तीन वेळा सॉरी म्हणाला. आणखी दोघं उठली. आई बसली आणि लगेच तिने त्या मुलाच्या हातातली बॅग ओढून आपल्या मांडीवर घेतली, एसटीत बसलेला माणूस उभ्या माणसाची घेतो तशी. आपला लॅपटॉप एका अनोळखी आजीबाईच्या मांडीवर बघून त्याचा चेहरा काय झाला होता! पण दोन स्टेशनांनंतर तो हसत होता.

स्टॅन्ली मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांना न्यूयॉर्कच्या सबवेत पाठवून, काहीही कारण न देता, लोकांना जागा मागायला सांगितलं होतं. तीनपैकी दोनजणांनी जागा दिली. गंमत अशी की देणाऱ्यांपेक्षा मागणाऱ्यांना जास्त त्रास झाला. खुद्द मिलग्रॅमच्या घशात शब्द अडकले होते. लंडनने यावर आपल्या पद्धतीने तोडगा काढला. २००५ पासून गरोदर बायकांसाठी छोटा बिल्ला आहे, आणि २०१७ पासून ज्यांचं दुखणं बाहेरून दिसत नाही त्यांच्यासाठी निळा बिल्ला आहे, "कृपया मला बसायला जागा द्या" असा. म्हणजे न बोलणाऱ्या लोकांनी बोलण्याचं काम बिल्ल्याला दिलं. मला ही व्यवस्था आवडते. पण हा काही इथल्या लोकांचा उपजत गुण नव्हे. कोणीतरी विचार केला, बैठका घेतल्या, बिल्ले छापले.

आणि सगळेच रिवाज शहाणपणाचे असतात असंही नाही. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू चालणाऱ्यांना सोडायची, हा ट्यूबचा पवित्र नियम. २०१५ च्या शेवटी हॉबर्न स्टेशनवर तीन आठवडे दोन्ही बाजूंना उभं राहायला सांगून बघितलं. जिना २३ मीटरहून उंच, चालत चढणारे मोजकेच, त्यामुळे डावी बाजू बरीचशी रिकामी जाते. दोन्हीकडे उभं राहिल्यावर गर्दीच्या तासाला सुमारे ३० टक्के जास्त माणसं वर गेली. लोक मात्र भयंकर चिडले. मोजक्या घाईवाल्यांसाठी सगळ्यांनी खाली रांगेत थांबायचं, याला आपण इतकी वर्षं सौजन्य म्हणत होतो. मीही म्हणतो, आणि अजून उजवीकडेच उभा राहतो.

शेवटी एक प्रसंग सांगतो, तोही माझ्याच विरुद्ध जाणारा. इथे माझ्या पायावर कोणी पाय दिला तर मी सॉरी म्हणतो, इतका मी सुधारलो आहे. दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीला तिकिटाच्या रांगेत उभा होतो. बाजूने एकजण आला आणि माझ्या पुढे उभा राहिला. अंगावर रंगाचे डाग, हातात ब्रशांचा डबा. मी म्हणालो, "ए, लाईनीत ये."

तो वळला. शांतपणे म्हणाला, "लाईनीतच होतो साहेब, सुट्टे आणायला गेलो होतो, ह्या मागच्या काकांना विचारा. आणि 'अहो' म्हणा."

मागच्या काकांनी मान डोलावली. माझे कान तापले. आपल्या भाषेत अनोळखी माणसासाठी 'माफ करा' म्हटलं तर नाटकातलं वाटतं, म्हणून आपण काका, मावशी, दादा म्हणून वेळ निभावतो. ती पद्धत मला मनापासून आवडते. पण त्या माणसाला काका म्हणायचं की दादा, याचा विचार करण्याआधीच माझ्या तोंडून 'ए' निघाला होता, आणि तो त्याच्या कपड्यांकडे बघून निघाला होता. पांढऱ्या शर्टातला कोणी मध्ये घुसला असता तर मी "एक्स्क्यूज मी" म्हटलं असतं. मी म्हणालो, "चुकलं माझं, दादा."

त्याने नुसती मान हलवली आणि पुढे बघायला लागला. रांग हलत नव्हती. पाचेक मिनिटांनी पुढून काहीतरी कुजबुज आली. ती त्याच्यापर्यंत पोहोचली, आणि तो पुन्हा माझ्याकडे वळला. "साहेब, ही खिडकी बंद होणार म्हणतायत पुढे. तिकडच्या रांगेत लागा. मागे काकांनाही सांगा."

मी काकांना सांगितलं. आम्ही तिघंही पलीकडच्या रांगेत गेलो. तो पुढे, मी त्याच्या मागे.